चार उतारे, चाळीस मिनिटं

क्रॉसिंगचा चौतिसावा दिवस होता आणि बापाने सकाळपासून तिसऱ्यांदा आठवी ओळ धरली होती. आधीच्या दोन खेपांना तिथे काहीही सापडलं नव्हतं. तरी तो कमरेत वाकून, एकेक फांदी उलटी करून, पानांखाली बघत चालला होता. शेजारच्या ओळीत त्याची थोरली बहीण होती. तिने पाठ सरळ केली आणि म्हणाली, "अरे, किती बघशील त्या झाडांकडे? घाबरून बोंडं गाळतील ती."

"तू तुझी ओळ बघ, अक्का."

"माझी झाली. तुझ्या बायकोचीही झाली. तू अजून आठवीतच आहेस. शाळेतही असाच बसला होतास दोन वर्षं."

पलीकडे बायको गालात हसली आणि खाली वाकली. बाप हसला नाही. गेल्या सालापासून तो प्लॉटमध्ये हसतच नव्हता.

कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट होता. दुपारी, उद्या उमलणारी कळी हेरायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे आणि आत उरलेल्या काडीवर लाल कागदाची टोपी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून त्या काडीला नर म्हणून वेगळ्या लावलेल्या झाडाचं फूल घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. ह्यालाच क्रॉसिंग म्हणतात. सकाळी नऊ ते साडेअकरा परागाची वेळ, त्यानंतर पराग कामाचा राहत नाही. दुपारी दोन ते दिवस मावळेपर्यंत सोलायची वेळ. असे साठ दिवस, आणि त्यात सुट्टी नाही. एखादी कळी सोलायची राहिली तर ती सकाळी उमलते, आपल्याच परागाने फळते आणि तिचं बी सगळ्या पोत्यांना बट्टा लावतं.

गेल्या साली त्यांच्या पोत्यांना तसा बट्टा लागला होता. कंपनीच्या प्रयोगशाळेतून एक कागद आला, त्यावर एक आकडा होता आणि आकड्यापुढे 'नापास'. बापाने तो कागद सात-आठ वेळा वाचला. कंपनीने कळवलं की आणखी एक हंगाम बघू, मग प्लॉट दुसऱ्याला. तेव्हापासून बाप स्वतःच्या ओळी तपासायचा, मग बायकोच्या, मग बहिणीच्या. फक्त मुलीच्या ओळी तपासत नसे. तिच्या हातून कळी सुटत नाही, हे त्याने पाच हंगाम पाहिलं होतं.

मुलीला अठरा पूर्ण झाली होती तरी घरात ती बाळीच होती. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं आणि कपाशीच्या चिकाने काळं पडलेलं. साडेअकरा वाजले की ती उरलेले दोरे आईच्या ओटीत टाकायची, हौदावर हात घासायची आणि सायकल काढायची. बारा ते दोन तिचा अभ्यास. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी तिची परीक्षा होती.

शेतकी कॉलेजची प्रवेशपरीक्षा. दोनदाच देता येते, आणि ही दुसरी खेप. गणितात तिला अडचण नव्हती, विज्ञानात नव्हती. अडचण वाचनाच्या भागाची होती. चार उतारे, प्रत्येकावर दहा प्रश्न आणि सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं. गेल्या साली तिने दोन उतारे वाचले, वीस प्रश्न सोडवले, वीसच्या वीस बरोबर आणले. पुढचे दोन उतारे तिने पाहिलेही नव्हते. घंटा झाली तेव्हा ती विसावं उत्तर पुन्हा पडताळून बघत होती.

"वीसमध्ये वीस!" बाप तेव्हा सगळ्यांना सांगत सुटला होता. "एक चूक नाही." मग यादी लागली आणि तिचं नाव त्यात नव्हतं, तेव्हा तो गप्प झाला. पण बोलायचं तेवढं बोलून ठेवलं होतं त्याने. यंदा नाही जमलं, तर पुढच्या सालापासून ओढ्यापलीकडचा दुसरा प्लॉट घ्यायचा आणि तो बाळीने बघायचा. त्यात दुष्टपणा नव्हता, घरात चार माणसं होती आणि आठ हात होते, एवढाच हिशेब.

बाळीला कॉलेजात का जायचं होतं, ते तिने फक्त आत्याला सांगितलं होतं. "आपलं बी ज्या खोलीत नापास झालं, ती खोली मला बघायची आहे. कोण बघतं, कशात बघतं, कसं ठरवतं. आपण साठ दिवस उन्हात वाकतो आणि कुणीतरी एक आकडा लिहितं."

"बघून काय करशील?"

"मी लिहीन आकडा."

"लिही," आत्या म्हणाली होती. "पण आधी त्या परीक्षेतून वेळेवर बाहेर ये."

बाळी अभ्यासाला जायची ते वाचनालय दूध जमा करायच्या खोलीच्या वर होतं. खाली बरण्यांचा खडखडाट, वर दोन कपाटं, एक लांब टेबल आणि ते सगळं सांभाळणाऱ्या बाई. बाई साठीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं फटकळ. जुन्या प्रश्नपत्रिका त्यांनीच कुठूनकुठून जमवल्या होत्या. टेबलावर त्या एक जाडजूड गजराचं घड्याळ ठेवत.

त्या दिवशी घड्याळ वाजलं तेव्हा बाळी दुसऱ्या उताऱ्याच्या सहाव्या प्रश्नावर होती.

"ह्यात कशाला अडकलीस?" बाईंनी कागद ओढला. उतारा मिठागरांवर होता.

"ह्या दोन पर्यायांत ठरत नव्हतं. दोन्ही बरोबर वाटतात."

"किती वेळ ठरत नव्हतं?"

"सहा मिनिटं असतील."

"सहा मिनिटांत सहा प्रश्न होतात. एका गुणासाठी सहा घालवलेस." बाईंनी चष्मा वर केला. "उतारा आवडला का तुला?"

"हो. मीठ कसं फुलतं ते छान लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं."

"तोच तर घोळ आहे. आवडून घ्यायचं नाही. उतारा म्हणजे पाहुणा नव्हे, त्याला पाटावर बसवून आग्रह करायला. दारातच काय ते विचारायचं आणि वाटेला लावायचं. आधी प्रश्न बघ. प्रश्नात जे विचारलंय तेवढंच उताऱ्यात शोध. बाकीचं डोळ्यांसमोरून जाऊ दे. मिनिटात उत्तर आलं नाही, तर टिंब कर आणि पुढे हो. चुकीला गुण कापतात, सोडलेल्याला कापत नाहीत."

"मग सोडलेला प्रश्न?"

"राहिला."

"पण राहिला म्हणजे?"

"राहिला म्हणजे राहिला! जगात काही राहतं की नाही? माझं लग्न राहिलं, मी काय मेले का?"

बाळी हसली नाही. मागे कोरा चौकोन सोडून पुढे जायचं म्हटलं की तिचा डावा अंगठा आपोआप हलायचा. लहानपणापासून तिला एकच गोष्ट शिकवलेली होती, की मागे काही राहता कामा नये.

तरी ती जिद्दीला पेटली. घरात तिने मोबाइलचा गजर लावायला सुरुवात केली आणि घराचं स्वास्थ्य गेलं. आंघोळ चार मिनिटं. वेणी तीन मिनिटं. जेवण सात मिनिटं, आणि तेसुद्धा पुढ्यात कागद ठेवून. मधेच गजर व्हायचा आणि आईच्या हातातली पळी दचकून खाली पडायची. ओसरीवर बसली की तिचा पाय थरथरत राहायचा. झोपेतही तिचे ओठ हलतात, असं आईने सांगितलं.

"हिला कुणाला तरी दाखवा," आई म्हणाली.

"कुणाला दाखवायची? घड्याळजीला?" आत्या म्हणाली.

पण आकडे वाढायला लागले. वीसचे चोवीस झाले, चोवीसचे एकोणतीस. चाळिसाव्या दिवशी तिने चारही उतारे पाहिले, तेहेतीस प्रश्न सोडवले, त्यातले एकतीस बरोबर आले. बाईंनी पहिल्यांदाच तिच्या पाठीवर थाप मारली. सायकलवरून परत येताना बाळी मोठमोठ्याने गात होती.

कंपनीचा तपासनीस बेचाळिसाव्या दिवशी आला. सकाळचे पावणेबारा झाले होते, सगळे नुकतेच बांधावर टेकले होते, त्याला बघून बाळीही सायकल काढायची थांबली होती. पांढरी टोपी, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात टकटक वाजणारं मोजायचं यंत्र. माणूस वाईट नव्हता, पाणी मागून प्यायला, घरची चौकशी केली. मग ओळींत शिरला. पहिली, पाचवी, आठवी. बाप त्याच्यामागे चालत होता, हात पाठीशी बांधून.

"चोख आहे," तपासनीस म्हणाला. "यंदा मनावर घेतलंत."

बापाच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी उजेड आला.

एकविसाव्या ओळीत यंत्र टक करून वाजलं. तपासनीस थांबला. मग पुन्हा टक. मग टक, टक.

"इकडे या जरा," तो म्हणाला.

कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळट पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. देठाला दोरा नसलेलं गुलाबी फूल म्हणजे परवा कळी सोलायची राहिली आणि काल उमललेलं फूल कुणी खुडलंही नाही. एका ओळीत अशी पाच चालतात. एकविसाव्या ओळीत अकरा निघाली, बाविसाव्यात नऊ.

त्या दोन्ही ओळी बाळीच्या होत्या.

"नाही," बाप म्हणाला. "तुमची ओळ चुकली असेल. ह्या आमच्या बाळीच्या आहेत."

"मी ओळीचा नंबर बघूनच मोजलं, काका."

बाळी बांधावरून उठून आली होती. ती त्या फुलांकडे बघत राहिली. तिला काहीएक आठवेना आणि मग सगळंच आठवलं. परवा दुपारी पानांच्या जाळीत दडलेल्या, लहान की मोठी ठरत नाही अशा कळ्या समोर आल्या, तेव्हा ती थांबली नव्हती. पुढे हो, मग येऊ. आणि मग दिवस मावळला होता. काल सकाळी ती फक्त लाल टोप्या शोधत पळाली होती. विचारलंय तेवढंच बघायचं. टोप्यांच्या शेजारी उघडी फुलं डोळ्यांसमोर होती आणि तिने ती जाऊ दिली होती.

"मी सोडल्या," ती म्हणाली. "मला कळलंच नाही बाबा, मी सोडल्या त्या."

नियम असा होता की ओळ बाद झाली की तिच्यातलं प्रत्येक बोंड तोडायचं, दोरा बांधलेलंसुद्धा. आणि ते तपासनिसासमोर तोडायचं. शेजारच्या प्लॉटवरच्या बायका जेवणाचे डबे हातात धरून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. बाळी पुढे झाली तेव्हा बापाने तिला हाताने मागे सारलं. मग तो स्वतः वाकला. बेचाळीस दिवसांची बोंडं, काही लिंबाएवढी झालेली, काही अजून सुपारीएवढी. तोडून तो टोपलीत टाकत होता. दोरे त्याच्या बोटांना गुंतत होते. कुणीतरी बाई म्हणाली, "अगंबाई, ह्यांच्याकडे पुन्हा?" आणि दुसरीने तिला गप्प केलं. घाम बापाच्या नाकाच्या शेंड्यावरून टपटप पडत होता आणि तो पुसायलाही थांबत नव्हता. त्याला त्या दोन ओळींना तासभर लागला.

जाताना तपासनीस हळू आवाजात म्हणाला, "बाकीचं चांगलं आहे. पण अजून एक ओळ गेली, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

बाप घरी आला. त्याने पत्र्याच्या पेटीवरची बाळीची कागदांची चळत उचलली, पिशवीत घातली आणि पिशवी वरच्या फळीवर टाकली.

"झाली परीक्षा," तो म्हणाला. "आता साठ दिवस संपेपर्यंत त्या कागदांना हात लावायचा नाही."

"अहो, सहा दिवस राहिलेत तिचे," आई म्हणाली.

"आणि आपले? आपले किती राहिलेत?"

बाळीने भांड्यातलं पाणी प्यायलं आणि दोन वाजता सगळ्यांच्या आधी प्लॉटवर गेली. त्या दुपारी तिने एकच ओळ केली. एकेका झाडापाशी ती पाच-पाच वेळा फिरून आली. सोललेल्या कळीची टोपी काढून आत बघितलं, पुन्हा घातली. दिवस कलला तेव्हा तिच्या दोन ओळी हातही न लागता पडून होत्या. त्या आत्याने आणि आईने पळत पळत, फांद्यांचे ओरखडे घेत, कशाबशा संपवल्या. शेवटच्या कळ्या दिसेनाशा झाल्या होत्या, त्या चाचपून सोलल्या.

आत्या बांधावर आली ती तापूनच. भाऊ हौदावर पाय धूत होता.

"एक विचारते, खरं सांग," ती म्हणाली. "गेल्या साली बट्टा कशाने लागला?"

"झालं ते झालं."

"झालं नाही, तू केलंस. पहिल्या सहा ओळी तीन-तीनदा तपासत बसायचास तू. आणि पलीकडच्या टोकाच्या ओळींपर्यंत पोहोचायचास तेव्हा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. त्या तशाच राहायच्या. रोज. मला माहीत होतं, तुझ्या बायकोला माहीत होतं. आम्ही बोललो नाही, कारण तू आधीच अर्धा झाला होतास."

बापाने एक पाय उचलून धरला होता, तो तसाच राहिला.

"आता त्या पोरीच्या पेपराकडे बघ. वीस चोख आणि वीस कोरे. कुणावर गेलीय ती? माझ्यावर?" आत्याचा आवाज फाटला. "कळी राहिली तर दुसऱ्या दिवशी फूल होऊन सगळ्या गावाला सांगते. कागदावरचा प्रश्न राहिला तर तो काही बोलत नाही. तो पडून राहतो बिचारा. एवढाच फरक तिला शिकवायचा होता. तो तुला येत नाही, तर तिला कुठून येणार?"

मग बाप पाय खाली ठेवून म्हणाला, "तू तेव्हा सांगायचं होतंस, अक्का."

"ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला बाळी हौदावर गेली नाही, बांधावर बसून राहिली. बाप घरातून पिशवी घेऊन आला. पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि हात पुढे केला.

"मोबाइल दे."

तिने दिला.

"आजपासून घड्याळ माझ्याकडे. प्लॉटमध्ये तू वेळ बघायची नाही. तिथे कळी आणि तू. कागदापुढे बसलीस की वेळ मी बघतो. तू नुसतं वाच. दहा मिनिटं झाली की मी कागद घेणार. रडलीस तरी घेणार."

"तुम्हाला जमेल?"

"काय?"

"अर्धवट राहिलेला काढून घ्यायला."

पुढचे पाच दिवस बाप बारा वाजता शेडमधल्या खताच्या पोत्यांवर तिच्याकडे पाठ करून बसायला लागला. समोर मोबाइल. पहिल्या दिवशी दहा मिनिटं झाली तेव्हा त्याने वळून पाहिलं, ती शेवटच्या प्रश्नावर पेन्सिल टेकवून होती. "हा एवढा होऊ दे," तो म्हणाला आणि आत्या बाहेरून ओरडली, "घे तो कागद!" त्याने घेतला. बाळीने पेन्सिल भिंतीवर फेकून मारली. तिसऱ्या दिवसापर्यंत दोघंही निर्ढावली. चौथ्या दिवशी त्याने कागद ओढायच्या आत तिनेच उलटा करून ठेवला होता. आणि दोन वाजता ओळीत शिरताना ती एक लांब श्वास घ्यायची आणि मग तिला कसलीच घाई नसायची. तिच्या ओळी आता बापही तपासायचा. तिने तोंड वाकडं केलं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी आत्याने बाळीला घेऊन शहरात जायचं ठरलं होतं. परीक्षा दहाची, म्हणजे ऐन परागाची वेळ, बापाने प्लॉट सोडायचा प्रश्नच नव्हता. पण उजाडताना आत्या केस विंचरत होती तेव्हा बाप धुतलेला सदरा घालून दारात उभा होता.

"तू थांब," तो म्हणाला. "तुझा हात माझ्यापेक्षा चपळ आहे. मी इथे राहिलो तर आठव्या ओळीतच साडेअकरा वाजतील."

"आणि नाही उरकलं तर?"

"टोपीखालची काडी वाळेल. बोंड धरणार नाही. पण भेसळ तर होत नाही ना." हे बोलताना त्याला घाम फुटला होता, पण तो बोलला.

परीक्षेच्या खोलीत बाळीच्या वाट्याला खिडकीजवळचं बाक आलं. गणित झालं, विज्ञान झालं. मग वाचनाचा भाग वाटला गेला. भिंतीवर घड्याळ होतं. तिने ठरवून एकदाच त्याच्याकडे पाहिलं, आणि बाप पाठ करून पोत्यावर बसलाय असं धरून चालली.

पहिला उतारा पुलांच्या बांधकामाचा होता. प्रश्न आधी, मग शोध. नऊ झाले, एकाला टिंब. दुसरा मधमाश्यांना दिसणाऱ्या रंगांचा, त्यातले दोन सोडले. सोडताना अंगठा हलला, तिने तो मुठीत दाबून धरला.

तिसरा उतारा एका गोष्टीतला होता, वर पुस्तकाचं नाव दिलेलं. एक म्हातारा नावाडी. चाळीस वर्षं तो माणसं ह्या काठावरून त्या काठाला नेतोय. आता वर पूल झालाय आणि उद्यापासून नाव बंद. त्या संध्याकाळी तो नाव उलटी करून ठेवायला जातो, तर पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारतं. धुकं इतकं, की माणूस दिसत नाही. हाक नावाने मारलेली असते, आणि ते नाव त्याची आई गेल्यापासून कुणी घेतलेलं नसतं. तो वल्हं उचलतो.

बाळीच्या अंगावर काटा आला. मागे बाकं आहेत, पुढे पर्यवेक्षक आहे, हे तिला दिसेनासं झालं. ती नावेत होती. आणखी दोन परिच्छेद उरले होते.

मग तिने प्रश्न पाहिले. सात प्रश्न वरच्या भागावरचे होते, तीन खालच्या. वरचे सात झाले. तिने घड्याळाकडे पाहिलं. चौथ्या उताऱ्यासाठी नऊ मिनिटं होती. खालचे दोन परिच्छेद वाचायला तीन मिनिटं गेली असती, निदान तिच्यासारखीला तरी. तिने त्या ओळींवर पालथा हात ठेवला, जणू त्या दिसल्या तर वाचल्याच जातील. आणि पान उलटलं.

चौथा उतारा तिने कसा केला ते तिला नंतर आठवत नव्हतं. शेवटच्या मिनिटाला ती परत फिरली, ती पहिल्या उताऱ्यातल्या टिंबाकडे. ते एक उत्तर मिळालं. घंटा झाली. कागद काढून घेतले.

निकाल महिन्याभराने लागला आणि तिला जागा मिळाली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. चाळीसपैकी चौतीस सोडवले होते, तेहेतीस बरोबर. त्या दिवशी घरी काय गोंधळ झाला, आत्या कशी नाचली, आई कशी रडली, ते कुणालाही कल्पनेने समजेल. प्लॉटचं बीही यंदा पास झालं. मला सांगायचं आहे ते त्या परीक्षेच्या दुपारचं.

बाप फाटकासमोरच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याआधी तीन तास तो इकडून तिकडे फिरला होता. रिकामे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने फाटकाशेजारच्या कुंपणाच्या झुडपातली वाळकी पानं एकेक करून काढून टाकली होती. ते झुडूप आता चकचकीत दिसत होतं.

"झालं?"

"झालं."

"चारही?"

"चारही पाहिले. सहा सोडले."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि त्याला ते किती जड गेलं ते बाळीला दिसलं.

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. बस उन्हात तापली होती. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, काय काय होतं त्यात? तिने पूल सांगितला, मधमाश्या सांगितल्या. मग नावाडी सांगायला लागली, आणि बाप हळूहळू तिच्याकडे वळून बसला. तिने धुकं सांगितलं, हाक सांगितली, ते नाव सांगितलं.

"आईनेच ठेवलेलं नाव?"

"हो."

"मग? पलीकडे कोण होतं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही कसं?"

"मी वाचलंच नाही. दोन परिच्छेद राहिले होते. वेळ नव्हता."

"अगं, पण असं अर्ध्यावर..." बाप बोलता बोलता थांबला.

बाळी खिडकीकडे वळली होती. तिचे खांदे हलत होते. चौदा दिवसांत ती एकदाही रडली नव्हती, ओळी बाद झाल्या तेव्हाही नाही, आणि आता भर बसमध्ये तिला ते आवरत नव्हतं. "तो वल्ही मारत निघाला होता बाबा," ती म्हणाली. "आणि मी हात ठेवला त्याच्यावर."

बापाने धुतलेल्या सदऱ्याची बाही पुढे केली. तिने त्यात तोंड पुसलं. बस दोन थांबे पुढे गेली, माणसं उतरली, चढली. तो पुढच्या बाकाच्या पाठीकडे बघत काहीतरी जुळवत होता.

"तिथे त्या कॉलेजात वाचनालय असेल का?" त्याने विचारलं.

"असेल."

"मोठं असेल?"

"असेल बाबा."

"मग गेलीस की आधी ते पुस्तक काढ," तो म्हणाला. "आणि सावकाश वाच."